पेशीची वेस

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता वर्धा जिल्ह्यात शिरला, की समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव लागते. येथे वाटा फुटतात. एक वाट सरळ हिंगणघाटकडे जाते, तर दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे वळते. रात्रंदिवस वाहनांची वर्दळ चाललेली असते. कोणी थांबतो, कोणी वळतो, कोणी न थांबता पुढे निघून जातो. पूर्वीच्या गावांना मात्र कोट असे आणि कोटाला वेस असे. वेशीवर येणाऱ्याजाणाऱ्याची पारख होई. आपला असेल त्याला वाट मिळे आणि परका असेल त्याला थांबावे लागे. अशा वेशी आता फारशा उरल्या नाहीत. परंतु मुलांनो, तुमच्या शरीरात मात्र त्या आजही आहेत. त्यांची संख्या ऐकाल तर चकित व्हाल. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतील प्रत्येक पेशीभोवती अशी एक वेस असते.

या वेशीची ओळख करून देण्यापूर्वी एक जुनी आठवण सांगतो.

पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी तेव्हा लहान होतो. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या शेजारच्या घरातील दोन वर्षांच्या मुलाला हगवण लागली. सकाळी अंगणात खेळणारे ते मूल संध्याकाळपर्यंत मलूल झाले. त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. ते पुनःपुन्हा पाणी मागत होते, परंतु घरातील आजी म्हणाली, “पाणी देऊ नका गं त्याला. जेवढं पाजाल तेवढं बाहेर पडेल.” सर्वांना ते पटले. पाण्याचा गडू दूर ठेवण्यात आला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.

त्या आजीचे आपल्या नातवावर प्रेम नव्हते काय? फार होते. तिचा तर्कही तिला अगदी सरळ वाटला होता. भांडे गळत असेल, तर त्यात पाणी ओतण्यात काय अर्थ? परंतु शरीर म्हणजे भांडे नव्हे, आणि सारी चूक येथेच होती. शरीर हे भांडे नसून काय आहे, हे समजण्यासाठी आपल्याला पेशीच्या वेशीपाशी जावे लागेल.

प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. ते इतके पातळ असते, की अशी बारा-तेरा हजार पटले एकावर एक रचली, तर त्यांची जाडी तुमच्या वहीच्या एका पानाएवढी होईल. हे पटल मुख्यतः मेदाचे, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे असते. मेदाचे कण त्यात दोन थरांत उभे असतात. त्यांची पाण्याशी मैत्री असलेली डोकी बाहेरच्या बाजूस आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या शेपट्या आतल्या बाजूस असतात. हा दुहेरी थर गोर्टर व ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी इ.स. १९२५ मध्ये प्रथम सुचविला. पुढे १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी असे दाखविले, की हे पटल भिंतीसारखे ताठ नसून द्रवासारखे हलते आणि त्यात प्रथिनांचे कण तरंगत असतात. ही प्रथिनेच या कोटाची दारे होत.

आता या कोटातून ये-जा कशी चालते ते पाहू.

देवघरात उदबत्ती लावली, तर थोड्याच वेळात तिचा सुवास ओसरीपर्यंत पोहोचतो. तो कोणी ढकलत नेत नाही. जेथे सुवासाचे कण दाट असतात, तेथून ते विरळ असतात त्या दिशेने आपोआप पसरत जातात. या क्रियेला विसरण म्हणतात. आपण श्वास घेतो तेव्हा प्राणवायूचे कण फुप्फुसातून रक्तात याच रीतीने जातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू उलट दिशेने बाहेर येतो. हे कण लहान असून मेदात मिसळू शकतात. म्हणून त्यांना दार लागत नाही. ते थेट कोटातून आरपार जातात. या कामी शरीराला काहीही शक्ती खर्च करावी लागत नाही.

पाण्याची रीत थोडी निराळी आहे. आई काकडीची कोशिंबीर करते, तेव्हा चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवते. थोड्या वेळाने पाहावे, तो भांड्याच्या तळाशी पाणी साचलेले! हे पाणी आईने ओतले नाही. ते काकडीच्या पेशींतून बाहेर आले. याउलट, सुकलेला बेदाणा रात्री पाण्यात टाकून ठेवा. सकाळी तो फुगून टपोरा झालेला दिसेल. येथे पाणी पेशींच्या आत शिरले. पटलातून पाणी सहज जाते, पण मीठ व साखर सहज जाऊ शकत नाहीत. अशा पटलाला निवडक्षम पटल म्हणतात. त्याच्या एका बाजूस द्रावण दाट आणि दुसऱ्या बाजूस पातळ असेल, तर पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते. यालाच परासरण असे नाव आहे.

या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वी गेले. इ.स. १७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका बाटलीत मद्यार्क भरला, तिच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे कातडे ताणून बांधले आणि ती बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी ते कातडे फुगून वर आले. पाणी आत शिरले होते, पण मद्यार्क बाहेर पडू शकला नव्हता. पाणी पटलातून इतक्या वेगाने कसे जाते, याचा पूर्ण उलगडा मात्र व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. पीटर ॲग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक खास प्रथिन शोधून काढले. ते पटलात पाण्यासाठी नळीसारखी वाट करून देते, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले. या एकेका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे कण जातात. या शोधाबद्दल ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परासरणाचा हा नियम शेतकऱ्याच्याही परिचयाचा आहे, जरी त्याने हे नाव ऐकलेले नसले तरी. आपल्या काळ्या जमिनीतील कपाशीला खत देताना जाणता शेतकरी ते बुडापासून थोडे दूर टाकतो. एखाद्या नवशिक्याने मूठभर खत अगदी बुडाशी ओतले, तर दोन दिवसांत ते झाड माना टाकते. जमिनीत ओल असते, तरी झाड वाळते. असे का व्हावे? खतामुळे मुळाबाहेरचे द्रावण मुळाच्या आतील रसापेक्षा दाट होते. मग मूळ पाणी आत घेण्याऐवजी आपलेच पाणी बाहेर घालवून बसते. खत चांगलेच असते. चुकते ते प्रमाण. ‘प्रमाण’ हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशींनाही हाच नियम लागू आहे. त्यांना शुद्ध पाण्यात टाकले, तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. मिठाच्या दाट पाण्यात टाकले, तर त्या आक्रसून जातात. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या द्रावणात मात्र त्या सुखरूप राहतात. म्हणून रुग्णालयात रुग्णाच्या शिरेतून नुसते पाणी कधीही देत नाहीत, सलाइन देतात.

आतापर्यंत आपण पाहिलेली ये-जा उतारावरून वाहणाऱ्या ओढ्यासारखी होती. परंतु पुष्कळदा पेशीला उताराच्या उलट, म्हणजे विरळ बाजूकडून दाट बाजूकडे, पदार्थ न्यावे लागतात. विहिरीतील पाणी आपोआप वर येत नाही; त्यासाठी मोट किंवा पंप चालवावा लागतो. पेशीच्या पटलातही असे पंप असतात. जेन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये अशा एका पंपाचा शोध लावला. हा पंप एका वेळी सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. त्यासाठी पेशी अन्नापासून मिळालेली शक्ती खर्च करते. स्को यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा पंप बंद पडला तर काय होते? श्रावणात झड लागून शेतात पाणी तुंबले, की हिरवीगार कपाशी पिवळी पडू लागते. मुळाशी पाणीच पाणी आणि मातीत अन्नद्रव्येही असतात. तरी झाड उपाशी राहते. तुंबलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. हवेवाचून मुळांच्या पेशी श्वसन करू शकत नाहीत. श्वसन नाही म्हणून शक्ती नाही आणि शक्ती नाही म्हणून पंप चालत नाहीत. शेतकरी चर खोदून पाणी काढून देतो, तेव्हा तो खरोखर त्या मुळांचे बंद पडलेले पंपच सुरू करीत असतो.

मुलांनो, आता आपण त्या आजीच्या घरी परत जाऊ.

आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातील दोनएक लिटर आपण प्यालेला असतो. उरलेला लाळ, जठररस, पित्त इत्यादींच्या रूपाने शरीरानेच ओतलेला असतो. यातील जवळजवळ सर्व द्रव आतड्याच्या पेशी परत आत घेतात. फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर जातो. म्हणजे शरीर हे साठवणीचे भांडे नसून सतत देवघेव करणारी पेठ आहे, असे म्हणावयास हवे. आता गंमत अशी, की पाणी ओढून घेणारा पंप पेशीजवळ नाही. पेशी मिठातील सोडियम आत घेते आणि परासरणाच्या नियमाने पाणी त्याच्या मागोमाग येते. गाय गोठ्यात आली, की वासरू न बोलावता तिच्या मागे येते, तसाच हा प्रकार होय.

पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगात काय होते ते पाहा. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की पटकीचे जंतू एक विष तयार करतात आणि आतड्यातून पाणी वाहू लागते ते त्या विषामुळे. हे विष आतड्याच्या पेशींची क्षार बाहेर सोडणारी दारे सताड उघडी ठेवते. क्षार बाहेर वाहतात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी वाहते. पटकीच्या रुग्णाच्या शरीरातून कधी कधी तासाला एक लिटर पाणी जाते. अशा वेळी मीठ आत घेणारे नेहमीचे दारही नीट चालत नाही. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून रुग्णाला तारता येत नाही. आजीचे अर्धे म्हणणे खरे होते ते येथे.

परंतु त्या कोटाला आणखी एक दार आहे. त्याची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. हे दार एकट्यासाठी उघडत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोज साखरेचा एक कण असे मिळून आले, तरच ते उघडते व दोघांना एकदम आत घेते. मीठ एकटे आले तर दार बंद. साखर एकटी आली तरी दार बंद! आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की पटकीचे विष या दाराला हात लावू शकत नाही. वेशीवर शत्रूचा ताबा असला, तरी ही दिंडी मोकळी राहते. मीठ व साखर जोडीने तिच्यातून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग येते.

या दिंडीची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. रुग्णालयात जागा नव्हती, रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि सलाइनचा साठा संपत आला होता. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून त्यांनी तो पिंपांत भरला आणि रुग्णांच्या नातलगांनाच तो पाजावयास सांगितला. पूर्वी तेथे शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत होते. या उपायाने ते प्रमाण शेकडा चारांहूनही खाली आले. ज्या आईच्या हातून पाण्याचा गडू काढून घेतला जात असे, तिच्याच हाती आता औषधाचा पेला आला होता. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मीठ व साखर यांच्या या जोडीचा शोध शतकातील कदाचित सर्वांत मोठा वैद्यकीय शोध ठरेल, असे मत व्यक्त केले. डॉ. महालनाबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

हेच पेय आपण मराठीत जलसंजीवनी या नावाने ओळखतो. रामायणातील संजीवनी आणावयास हनुमंताला पर्वत उचलावा लागला. ही संजीवनी मात्र गावातील आशाताईंजवळ आणि आरोग्य केंद्रात पुडीत मिळते. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण पुडी मिसळावी. पुडी मिळेपर्यंत घरीही काम भागविता येते. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा. येथे तो ‘प्रमाण’ शब्द पुन्हा आठवा. साखर किंवा मीठ जास्त पडले, तर आतड्यातील द्रावण दाट होईल आणि शरीरातील पाणी उलट बाहेर ओढले जाईल. बुडाशी खत ओतलेल्या कपाशीची जी गत, तीच मग मुलाची होईल.

हे पेय मुलाला थोडेथोडे, पण वारंवार पाजावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. डॉक्टर जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या देतात. हगवण आधी थांबली तरी त्या चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. जलसंजीवनीने हगवण तत्काळ थांबत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. ती शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढते आणि तेवढ्या अवधीत शरीर रोगावर मात करते. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, पाणी पिववेना किंवा शौचात रक्त दिसले, तर एक क्षणही न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाजणे चालू ठेवावे.

त्या आजीची मला पुष्कळदा आठवण येते. तिच्या घरात चुलीजवळच्या फडताळात मिठाची बरणी होती, साखरेचा डबा होता, आणि अंगणात विहीर होती. संजीवनीची सारी सामग्री घरातच होती. नव्हते ते फक्त एका दाराचे ज्ञान. तिला ते कोणी सांगितले नव्हते. तुम्हांला आज ते सांगितले आहे. ते पुस्तकात मिटून ठेवू नका. आज घरी गेल्यावर आईला, आजीला, शेजारच्या काकूंना ते सांगा. न जाणो, येत्या पावसाळ्यात एखाद्या घरात एक गडू पाणी दूर सारला जात असेल आणि तुमच्या दोन शब्दांनी तो पुन्हा जवळ येईल.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेशीपटलाला लेखकाने वेस का म्हटले आहे?
(आ) प्राणवायूला पटलातून जाताना दार का लागत नाही?
(इ) शेतात पाणी तुंबले असता कपाशी पिवळी का पडते?

२. कारणे लिहा.
(अ) रुग्णाच्या शिरेतून नुसते पाणी देत नाहीत.
(आ) जलसंजीवनीत मीठ व साखर दोन्ही असावी लागतात.
(इ) साखर व मीठ यांचे प्रमाण चुकले, तर अपाय होतो.

३. ‘आजीचे अर्धे म्हणणे खरे होते.’ कोणते अर्धे खरे आणि कोणते चुकीचे, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : माना टाकणे, मात करणे, क्षण न दवडणे.

५. प्रयोग : दोन वाट्या घ्या. एकीत साधे पाणी व दुसरीत साखरेचा दाट पाक घाला. पाण्याच्या वाटीत सुके बेदाणे टाका. ते रात्रभर फुगल्यावर त्यांपैकी अर्धे पाकाच्या वाटीत घाला. चार तासांनी दोन्ही वाट्यांतील बेदाण्यांची तुलना करून जे दिसले ते लिहा आणि त्याचे कारण सांगा.